रुबाब कार्डाचा उत्तम सभासद

कोल्हापुरात चार माणसं हॉटेलात जेवून उठली की भांडण होतं. परगावच्या माणसाला वाटतं, आता इथं हाणामारी होणार. एकानं दुसऱ्याचं मनगट धरलेलं असतं, तिसरा गल्ल्यापुढं आडवा उभा असतो आणि चौथा मालकाला दम देत असतो की, ह्याचे पैसे घेतलेस तर उद्यापासून तुझ्याकडं पाय ठेवणार नाही. भांडण एवढ्यासाठीच असतं की बिल मी देणार. जो देतो तो जिंकतो. जो हरतो तो तोंड पाडून बाहेर येतो आणि पान तरी मला देऊ दे म्हणून पानपट्टीवर पुन्हा सुरू होतो.

मी इथलाच, त्यामुळं यात काही वावगं आहे असं मला चोवीस वर्षं वाटलं नाही. पंचविसाव्या वर्षी वाटलं, तोवर सगळं होऊन गेलं होतं. ते कसं झालं ते सांगतो. सांगताना माझं डोकं फिरेल, तेवढं समजून घ्या.

मी फक्रुद्दीन. उद्यमनगरात आण्णांच्या वर्कशॉपमध्ये टर्नर होतो, म्हणजे लेथवर लोखंड कातणारा. कृष्णात माझा दोस्त, मुरगूडचा, तोही टर्नर. दोघंही एकाच महिन्यात तिथं झाडू मारायला लागलो आणि एकाच वर्षी लेथवर उभे राहिलो. खोलीही दोघांत एकच होती. कृष्णातसारखा दिलदार माणूस मी पाहिला नाही, आणि आता वाटतं, पाहिला नसता तर बरं झालं असतं. झुंबरबाईंच्या खानावळीत बिलाची वेळ आली की पहिला हात त्याचा. पण खिशात असायचे सात रुपये आणि बिल व्हायचं बावीस. मग दुसराच कोणीतरी जिंकायचा आणि कृष्णात रात्रभर कुढायचा. खिशात सात रुपये असले की माणूस सात रुपयांपुरताच दिलदार राहतो. ही केवढी चांगली सोय आहे, हे तेव्हा आम्हाला कळत नव्हतं.

आमचा सगळा जीव अडकला होता आण्णांच्या जुन्या लेथमध्ये. सहा फुटी, पंजाबात बनलेलं, रंग उडालेलं, पण खालचा बेड अजून सरळ होता आणि स्क्रूचा दोरा असा कापायचं की हात फिरवत बसावं. एक्याऐंशीच्या खंडेनवमीला, पूजा झाल्यावर, आण्णांनी त्याच्यावर हात ठेवून आम्हाला सांगितलं, "पोरांनो, पुढच्या खंडेनवमीला मी हे लेथ काढणार. पाच हजार. तुमी घेतलासा तर तुमचं. न्हायतर माझ्याकडं रोख गिऱ्हाईक हाय, मी थांबनार न्हाय."

आम्हा दोघांचे पोस्टात दीड-दीड हजार होते. वर्षात आणखी हजार-हजार टाकले की झालं. महिन्याला पंच्याऐंशी रुपये. पगार चारशे वीस, म्हणजे ओढाताण होती, पण अशक्य काही नव्हतं. मागच्या गल्लीत पत्र्याची एक शेडही बघून ठेवली. फक्त पाटीवर नाव कोणाचं आधी, यावर एकमत होईना. तो म्हणायचा फक्रुद्दीन-कृष्णात, मी म्हणायचो कृष्णात-फक्रुद्दीन. यावरून आम्ही दोन दिवस बोलत नव्हतो. नोकरीत कोणाच्या हाताखाली मरण्यापेक्षा स्वतःच्या लेथवर मरू, एवढंच मागणं होतं, आणि त्याला वर्षभराची मुदत होती.

दिवाळीनंतर आमच्या वर्कशॉपच्या दारात पिराजी उभा राहिला. पांढरा शर्ट, काखेत चामडी बॅग, तोंडभर हसू. शहरातल्या वीस-बावीस दुकानदारांनी मिळून एक खरेदी योजना काढली होती, तिचा तो कारकून. बॅगेतून त्यानं एक निळं कार्ड काढलं. वर सोनेरी अक्षरात 'रुबाब कार्ड', खाली फोटोला चौकोन, आणि त्याच्याही खाली, 'आज रुबाब, उद्या हिशोब'.

"पंचविशीच्या आतल्या, नव्यानं कमवायला लागलेल्या पोरांसाठी खास हाय," पिराजी म्हणाला. "कापडदुकान घ्या, घड्याळाचं दुकान घ्या, खानावळ घ्या. कार्ड दावायचं, सही करायची, उठायचं. म्हैन्याच्या पाच तारखंला निस्तं धा रुपय भरायचं."

"आणि बाकीचं?" मी विचारलं.

"बाकीचं कुठं पळून जातंय? ऱ्हाऊ द्या की."

कृष्णातनं कार्ड हातात घेतलं आणि त्याचा चेहरा बघून मी समजलो. त्याला ना शर्ट दिसत होता, ना घड्याळ. त्याला झुंबरबाईंचा गल्ला दिसत होता.

फॉर्मवर जामीनदाराची सही लागत होती. कृष्णातनं पेन माझ्यापुढं धरलं. दोस्तानं पेन पुढं धरल्यावर कागद वाचत बसणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकणं, असं आमच्याकडं समजतात. तरी मी पिराजीला विचारलं की जामीन म्हणजे नेमकं काय.

"काय न्हाय हो. निस्ती वळख. ह्यो मानूस हितलाच हाय, येवढंच."

मी सही केली. मला स्वतःला कार्ड घ्यायला पिराजीनं बराच आग्रह केला, पण मी घेतलं नाही. मी शहाणा होतो म्हणून नव्हे. फोटो काढून घ्यायला सवड झाली नाही.

पुढच्या रविवारी आम्ही पाचजण खानावळीत बसलो. ताटं झाली, रस्सा दोनदा झाला, आणि नेहमीप्रमाणे सगळे उठून एकमेकांच्या हाताला झोंबले. कृष्णात जागचा हलला नाही. त्यानं शांतपणे खिशातून कार्ड काढून गल्ल्यावर ठेवलं. झुंबरबाईंनी ते उलटंपालटं केलं. नवऱ्याच्या मागं दहा वर्षं खानावळ चालवलेली बाई, तिनं असल्या गोष्टी खूप पाहिल्या होत्या.

"ह्ये काय? मला फोटू नगं, पैसं दे."

"मावशी, ह्येच पैसं हैत. बाहीर ह्या कार्डाची पाटी लावलीया की तुमच्या पोरानं."

पाटी खरोखरच लावलेली होती. बाईंनी सुस्कारा टाकून पावती पुढं केली, कृष्णातनं झोकदार सही केली आणि आम्ही चौघं हरलो. त्या रात्री तो गात गात खोलीवर आला.

त्यानंतर वर्षभर कृष्णात एकदाही हरला नाही. आधी वर्कशॉपची माणसं, मग शेजारच्या वर्कशॉपची, मग मुरगूडहून कामाला आलेला प्रत्येकजण. एस.टी. स्टँडवर ओळखीचा चेहरा दिसला की हा त्याला, "पावणं, जेवल्याबिगर कुठं चाललासा?" म्हणून ओढून आणायचा. माणसं जेवायच्या वेळेला उद्यमनगरावरून जायला लागली. स्वतःसाठी त्यानं त्या कार्डावर एक बनियनसुद्धा घेतलं नाही. तोच खाकी शर्ट, कोपरावर ठिगळ लावलेला. हे मी मुद्दाम सांगतो, कारण नंतर लोक म्हणाले की पोरगा चैनीनं वाया गेला. चैन केली ती आम्ही. त्या वर्षात मी जेवढं मटण खाल्लं तेवढं आधीच्या दहा वर्षांत खाल्लं नव्हतं, आणि प्रत्येक वेळी मी त्याचं मनगट धरायला उठायचो, पण जरा सावकाश उठायचो. हे लिहिताना मला लाज वाटते.

पाच तारखेला तो पिराजीकडं जाऊन दहा रुपये भरायचा आणि चिठ्ठी घेऊन यायचा. चिठ्ठीवर एक ओळ असायची, 'सेवा आकार'. पाचव्या महिन्यात ती ओळ पंचवीस रुपयांची झाली.

"कृष्णा, धा रुपय भरलंस आन् पंचवीस रुपय चढलं. ह्ये याज हाय लेका."

"याज न्हाय ते. नीट वाच की. सेवा हाय."

"कुनाची सेवा?"

"आपली. दुसऱ्या कुनाची आसनार?"

मी ओरडलो, शिव्या दिल्या. तेव्हा त्यानं ट्रंकेतून पोस्टाचं पासबुक काढून माझ्यापुढं टाकलं. दर एक तारखेला पंच्याऐंशी, एकही महिना चुकला नव्हता. "लेथच्या पैशाला हात लावला न्हाय मी," तो म्हणाला. "खंडेनवमीला माझं अडीच हजार तयार आसत्याल. मंग तुला काय पायजे?" मी पासबुक मिटून त्याच्या हातात परत दिलं. एका ट्रंकेत पासबुक होतं, तिच्यातच चिठ्ठ्या होत्या. दोन्ही एका कागदावर मांडायचं आम्हा दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत माप घेणारी माणसं आम्ही, पण वजाबाकी करायची राहून गेली.

योजनेचे लोक मात्र हिशोबाला पक्के होते. कार्डावरच्या उधारीची तीनशेची मर्यादा त्यांनी हजार केली, हजाराची तीन हजार, आणि दर वेळी पिराजी अभिनंदन करून जायचा. कृष्णात मुरगूडला पत्र लिहून कळवायचा की कोल्हापुरात आपली पत वाढली.

ब्याऐंशीच्या सप्टेंबरात, पाच तारखेला, दुपारच्या सुट्टीत पिराजी स्वतःच वर्कशॉपवर आला. कृष्णात दहाची नोट खिशात घालून त्याच्याकडंच निघाला होता. पिराजीनं त्याचे दोन्ही हात धरले. योजनेचा वर्धापनदिन होता, आणि कमिटीनं एकमतानं कृष्णातची 'उत्तम सभासद' म्हणून निवड केली होती. सत्कार होणार होता, शाल-नारळ, खुद्द अध्यक्ष गणपतरावांच्या हस्ते.

अशी बातमी घेऊन आलेल्या माणसाला कोरडं कसं पाठवायचं? कृष्णात त्याला झुंबरबाईंकडं घेऊन गेला. मीही गेलो. मी खाल्लं नाही, पण बसलो होतो, त्यामुळं पुढचं माझ्या डोळ्यांदेखत घडलं. दोघं पोटभर जेवले. बिल झालं नऊ रुपये साठ पैसे. कृष्णातनं कार्ड काढलं.

"ठेव ते खिशात," झुंबरबाई म्हणाल्या. "तीन म्हैनं झालं, ह्यांच्या हापिसानं मला पैसा दिल्याला न्हाय. पाटी काढली मी. हितं आता रोख."

पिराजी जरा ओशाळला. त्यानं खिशात हात घातला, अगदी मनापासून घातला, मी पाहिलं. त्याच्या बोटांत नोटही आली होती. आणि कृष्णातनं झेप घालून त्याचं मनगट पकडलं.

"पावणं, कमिपना करतासा व्हय मला?"

"आवो, आसूं द्या, मी देतो की."

"हात काढा म्हनतो न्हवं."

दोघांची झटापट झाली. पाण्याचा तांब्या कलंडला. हप्त्याची दहाची नोट झुंबरबाईंच्या गल्ल्यात गेली आणि कृष्णात जिंकला. बाहेर आल्यावर पिराजीनं सुपारी कातरत विचारलं की हप्त्याचं काय. कृष्णात म्हणाला उद्या देतो. पिराजी म्हणाला, द्या की, कुठं पळून चाललाय. दुसऱ्या दिवशी तो दहा रुपये भरूनही आला.

रविवारी सत्कार झाला. मंडपात दोनशे माणसं होती आणि त्यातली निम्मी कृष्णातचं मटण खाल्लेली. गणपतरावांनी त्याच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि भाषण केलं. "अशा तरुणांच्या जिवावरच आपली योजना उभी आहे," ते म्हणाले. टाळ्या पडल्या. एवढं खरं बोलणारा अध्यक्ष मी पुन्हा पाहिला नाही. कृष्णातचे डोळे भरून आले होते, आणि मीसुद्धा टाळ्या वाजवल्या.

मंगळवारी माझ्या नावानं नोटीस आली.

एक हप्ता तारखेला चुकल्यामुळं नियमाप्रमाणं सगळी बाकी एकदम देय झाली होती. रक्कम दोन हजार आठशे बहात्तर रुपये. त्यात पंचेचाळीस रुपये 'सन्मान साहित्य' म्हणून होते, म्हणजे ती शाल आणि तो नारळ. सभासदानं पंधरा दिवसांत भरले नाहीत तर जामीनदारानं भरावेत, नाहीतर कोर्ट.

आम्ही दोघं त्यांच्या कचेरीत गेलो. गणपतराव खुर्चीत, पिराजी बाजूला रजिस्टर उघडून. मी सगळं सांगितलं. त्या दिवसाचा हप्ता ह्या माणसाच्या पोटात गेला, हेही सांगितलं, जरा मोठ्यानं सांगितलं. गणपतरावांनी चष्म्यावरून पिराजीकडं पाहिलं.

"मी बिल देत हुतो, सायेब," पिराजी खाली मान घालून म्हणाला. "नोट काढलीती मी. ह्यांनीच हात धरला माझा."

मी कृष्णातकडं पाहिलं. कृष्णात तर मान हलवून त्याला दुजोरा देत होता. साक्ष खरी होती, आणि असली खरी साक्ष फक्त आमच्या गावातच माणसाला बुडवू शकते.

"निस्ती वळख म्हनला हुतासा," मी पिराजीला म्हणालो.

"वळखच की," तो म्हणाला. "आता पुरी झाली."

कृष्णातनं पोस्टातून अडीच हजार काढले. व्याजाचे काही सुट्टे आले तेही भरले, तरी तीनशे तेरा कमी पडले. ते मी भरले. जामीनदार होतो. त्या रात्री खोलीत कृष्णात भिंतीकडं तोंड करून रडला. "फक्रू, मी तुझं लेथ खाल्लं," तो म्हणाला. मी त्याला सांगू शकत होतो की तुझ्याबरोबर मीही खाल्लं, शंभर माणसांनी खाल्लं. सांगितलं नाही. मला तेव्हा इतका राग आला होता की त्याला तसंच रडू दिलं.

खंडेनवमीला नेहमीसारखं वर्कशॉप धुतलं. जुन्या लेथला मी स्वतः तेल दिलं, हळदकुंकू कृष्णातनं लावलं, झेंडूची माळ दोघांनी मिळून घातली. आण्णांनी आमच्याकडं पाहिलं, आम्ही खाली पाहिलं. मग त्यांचं रोख गिऱ्हाईक दारात आलं. गणपतराव होते. त्यांनी कोटाच्या खिशातून पाच हजार काढून आण्णांच्या हातावर ठेवले. नोटा कुठल्या होत्या ते मला माहीत नाही, पण त्या मोजल्या जात असताना मी वेड्यासारखा बघत होतो, एखादी ओळखीची दिसते का म्हणून.

लेथ मागच्या गल्लीत गेलं, आम्ही बघून ठेवलेल्याच शेडमध्ये. तिथं दुसरी शेड रिकामी नव्हती. लेथबरोबर आम्हीही गेलो, कारण त्या मशीनची नाडी आम्हालाच ठाऊक होती आणि गणपतरावांनी पगारात वीस रुपये वाढवून दिले. पाटीवर कोणाचं नाव आधी, हा प्रश्नही सुटला. गणपतरावांच्या मुलाचं नाव लागलं.

लेथ सुरू झालं त्या दिवशी गणपतराव आम्हाला म्हणाले, "चला, तोंड गोड नाही, तिखट करू." झुंबरबाईंकडं गेलो. बाहेर निळी पाटी पुन्हा लागली होती, मागची बाकी बाईंना मिळाली होती. आम्ही तिघं आणि पिराजी जेवायला बसलो. गणपतरावांनी पांढरा रस्सा तीनदा मागून घेतला. बिल झालं तेवीस रुपये चाळीस पैसे.

तेव्हा मी पहिल्यांदा नीट पाहिलं. गणपतराव उठले नाहीत. त्यांनी खिशाकडं हातही नेला नाही. बशीतली बडीशेप उचलली, तोंडात टाकली आणि स्वस्थ चघळत बसले. साठ वर्षं कोल्हापुरात काढून हा माणूस एकही बिल जिंकला नसेल.

आणि माझ्या शेजारी कृष्णातचा हात शर्टाच्या खिशात गेला. निळं टोक वर आलं. पूर्ण फेड केलेल्या सभासदाला पिराजीनं नवं कार्ड दिलं होतं, पाच हजाराच्या मर्यादेचं. कृष्णातनं मला हे सांगितलं नव्हतं.

मी झेप घातली. त्याचं मनगट असं पिळलं की कार्ड ताटात पडलं, रश्श्यात. "सोड लेका, मी देतो," तो म्हणाला. "हात लावायचा न्हाय," मी म्हणालो, आणि माझ्या खिशातले होते-नव्हते ते चोवीस रुपये गल्ल्यावर आपटले. मी दोस्ताला वाचवलं असं मला वाटलं. बाईंनी साठ पैसे परत दिले, ते मोजताना माझ्या लक्षात आलं की ज्यानं आमचं लेथ घेतलं त्याला आत्ता मी जेवू घातलं. लेथ गेलं तेव्हा रडू आलं नव्हतं, ते तिथं गल्ल्यापुढं आलं.

कृष्णात तोंड पाडून बाहेर आला. "बिल तू दिलंस," तो म्हणाला. "पान तरी मला दिऊ दे." त्याच्याकडं दोन रुपये रोख होते, म्हणून मी त्याला देऊ दिलं.

मागून गणपतराव दात कोरत आले, आमच्या दोघांच्या मध्ये उभे राहिले आणि पानवाल्याला म्हणाले, "माझं मोठं कर. चांदीचा वर्ख लाव."